रात्रीचा व्हिडिओ कॉल मागू नका

पत्र: माझी मुलगी सॅन डिएगोला नोकरी करते. वय २९. तिथे गेल्यापासून तिला विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर समुद्रात जायचा नाद लागलाय. असला कसला जिवावरचा खेळ! डिसेंबरच्या सुट्टीत ती, एक मैत्रीण आणि एक मित्र असे तिघं गाडीने सीमा ओलांडून मेक्सिकोत ला व्हेंताना नावाच्या गावी जाणार आहेत. बारा दिवसांची सुट्टी आहे, दोन दिवसांत पोचू म्हणतात. २०२४ मध्ये त्याच भागात तीन सर्फर मुलांना मारून टाकलं होतं, ते वाचल्यापासून मला झोप नाही. 'जाऊ नकोस' म्हटलं तर आठवडाभर अबोला. शेवटी 'रोज रात्री, कितीही उशीर झाला तरी, मुक्कामी पोचल्यावर व्हिडिओ कॉल करायचा' या अटीवर मी गप्प बसले. हे म्हणतात, ती आता लहान नाही. तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत ऑक्टोबरात संपली, पण एच-वन-बीला, म्हणजे नोकरीच्या परवानगीला, मुदतवाढ मिळालीय, त्यामुळे ती बाजू ठीक आहे. तिला थांबवू की जाऊ देऊ?
— एक आई, कोथरूड

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात मी दोन जागी अडले, आणि त्या दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिल्यात. एक व्हिसाची, दुसरी तुमच्या अटीची. गुन्हेगारीच्या बातम्यांइतकंच या दोन गोष्टींकडे बघायला हवं, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करते.

व्हिसाची बाजू ठीक नाही. एच-वन-बीवर असलेला माणूस मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवसांच्या आत जाऊन आला आणि त्याच्या आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, मुदत शिल्लक असली, तर पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असूनही त्याला अमेरिकेत परत घेतात. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात त्याला. तुमच्या मुलीला कुणीतरी हेच सांगितलं असणार, आणि ते खरंही आहे. पण हा नियम अमेरिकेचा, परत येतानाचा. मेक्सिकोत कुणाला शिरू द्यायचं ते मेक्सिको ठरवणार. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर तो माफ असतो. मुदत संपलेल्या व्हिसावर ही माफी मिळत नाही. म्हणजे तिला मेक्सिकोच्या वकिलातीतून रीतसर व्हिसा काढावा लागेल. सॅन डिएगोत वकिलात आहे, पण अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा हे काम या आठवड्यातलं आहे. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला तिने एक ईमेल करावी आणि जाणं-येणं दोन्हीबद्दल लेखी उत्तर मागून घ्यावं. नियम बदलत असतात, मित्रांच्या अनुभवावर जाऊ नये. शिवाय, 'मेक्सिकोत आहोतच तर अमेरिकेचा व्हिसाही तिथेच करून घेऊ' असा विचार या सहलीत अजिबात नको. तिथे अर्ज केला की ही सवलत जाते.

हे इतकं ताणून सांगते, कारण त्या सीमेवर चूक करणं फार सोपं आहे. सॅन इसिद्रोच्या सीमानाक्यावरून मेक्सिकोच्या तिहुआना शहरात शिरताना बहुतेक गाड्यांना कुणी थांबवतच नाही. गाडी सरळ शहरात. पर्यटकाचा प्रवेश परवाना, त्याला तिथे एफएमएम म्हणतात, तो घ्यायला आपणच गाडी बाजूला लावून इमिग्रेशनच्या ऑफिसात जावं लागतं. कुणी विचारलं नाही म्हणून तसंच पुढे गेलेला अमेरिकन बहुधा निभावून जातो. भारतीय पासपोर्ट घेऊन तसं जाऊ नये. तिच्यासोबतचे दोघं अमेरिकन नागरिक असतील तर त्यांच्या हे डोक्यातही येणार नाही. तिलाच लक्षात ठेवावं लागेल.

आता ती बातमी. एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे दोन सख्खे भाऊ आणि त्यांचा अमेरिकन मित्र तिहुआनाच्या खालच्या एन्सेनादा शहराच्या दक्षिणेला समुद्रकिनारी तंबू ठोकून राहिले होते. त्यांचा खून झाला. तिथल्या तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की हल्लेखोरांना त्यांची पिकअप, तिचे टायर हवे होते. तुम्हाला ते वाचून जे वाटलं ते कुठल्याही आईला वाटेल, आणि ते खोडून काढायची माझी इच्छा नाही. फक्त ती जागा नीट बघा. वस्तीपासून दूर, मुख्य रस्ता सोडून खाली, रात्रीचा उघड्यावर मुक्काम. अमेरिकेचं परराष्ट्र खातं बाहा द्वीपकल्पातल्या, म्हणजे सीमेपासून दक्षिणेला गेलेल्या मेक्सिकोच्या लांब पट्टीतल्या, उत्तरेकडच्या बाहा कॅलिफोर्निया राज्यासाठी 'जाण्याचा पुनर्विचार करा' म्हणतं आणि दक्षिणेच्या बाहा कॅलिफोर्निया सुरसाठी 'जास्त सावध राहा'. ला व्हेंताना दक्षिणेत आहे, पण तिथे गाडीने जायचं तर उत्तर पार करावीच लागते. म्हणून उत्तरेत निर्जन किनाऱ्यावर तंबू नाही, एकही रात्र नाही. हॉटेल आधी बुक केलेलं, आणि गाडी फाटकाच्या आत लावता येईल असंच. टपावर बोर्ड आणि शिडांच्या लांब पिशव्या बांधलेली गाडी रस्त्यावर उभी दिसली, की आत काय आहे ते विचारावं लागत नाही.

पण मला जास्त काळजी रस्त्याची वाटते. हायवे नंबर १ हा १९७३ मध्ये पुरा झालेला रस्ता, तिहुआनापासून थेट दक्षिण टोकाच्या काबो सान लुकासपर्यंत १,७०० किलोमीटरच्या वर. एन्सेनादापर्यंत चौपदरी टोल रोड आहे, त्यानंतर मैलोन् मैल एक पदर जायचा, एक यायचा. कित्येक ठिकाणी कडेला शोल्डरच नाही, डांबर संपलं की सरळ खाली. समोरून रुंद ट्रक येतात. रात्री गायी, घोडे डांबरावर येऊन उभे राहतात. कुंपण नाही, दिवे नाहीत, आणि काळी गाय हेडलाइटच्या उजेडात दिसते तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं. बाहात वर्षानुवर्षं गाडी चालवणारी माणसं नवख्याला पहिला नियम हाच सांगतात, अंधारात गाडी चालवायची नाही.

आता हिशोब करू. तिहुआना ते ला पाझ, म्हणजे ला व्हेंतानाच्या जवळचं शहर, सुमारे १,५०० किलोमीटर. या रस्त्यावर जेवण, पेट्रोल, लष्कराच्या चौक्या धरून ताशी ६५ चा सरासरी वेग मिळाला तर चांगला. म्हणजे २३ तास. तिथे डिसेंबरात दिवस असतो जेमतेम दहा-साडेदहा तासांचा. दोन दिवसांत पोचायचं म्हणजे रोज एक-दोन तास अंधारात जाणारच, आणि तेही शेवटचे, सगळ्यात दमलेले तास. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ताम्हिणीतून रातोरात कोकण गाठणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना यात काहीच वावगं वाटत नाही. वाटायला हवं, तिथेही आणि इथेही.

आणि इथे तुमची अट येते. 'कितीही उशीर झाला तरी मुक्कामी पोचल्यावर व्हिडिओ कॉल.' त्या रस्त्यावर मोबाइलला तासन् तास रेंज नसते. कातावीन्याच्या आसपासचं वाळवंट घ्या, तिथे दोन-चार हॉटेलं, थोडी वस्ती, बाकी निवडुंग आणि मोठमोठे दगड. समजा टायर फुटला, तीन तास गेले, सूर्य मावळायला आला. शहाणपण सांगतं की जवळच्या साध्या हॉटेलात राहा, सकाळी निघा. पण तिच्या डोक्यात कोथरूडमध्ये जागी असलेली आई आहे. रेंज पुढच्या गावात आहे. ती गाडी काढेल, ताई. तुमच्यावरच्या प्रेमापोटी काढेल. आजच तिला सांगा, की ती अट मी मागे घेतली.

त्याऐवजी दुसरी मागा: सूर्य मावळण्याआधी तासभर गाडी थांबलेली पाहिजे, जिथे असाल तिथे. ही मागणी तिला रागाने फेटाळता येणार नाही, कारण हिच्यात तिच्या हौसेवर शंका नाही.

घाई करणारी दुसरी गोष्ट म्हणजे वारा. ला व्हेंतानाला नोव्हेंबर ते मार्च उत्तरेचा वारा असतो, एल नोर्ते. अमेरिकेच्या वाळवंटी पठारावर हवेचा दाब वाढला की बाहाच्या पूर्वेच्या कोर्तेझ समुद्राच्या लांबट पट्ट्यातून वारा खाली रेटला जातो, आणि दुपारी जमीन तापली की त्याला आणखी जोर चढतो. हा वारा रोज नसतो. तीन-चार दिवस लागोपाठ वाहतो, मग पडतो. या खेळातली मुलं दिवसातून दहा वेळा वाऱ्याचा अंदाज बघतात. उद्या दुपारी २० नॉटचा, म्हणजे चांगला जोराचा वारा दिसला आणि आपण अजून ४०० किलोमीटर लांब आहोत, की त्या रात्री गाडी चालतेच. तेव्हा मुक्काम आधीच ठरवून पैसे भरलेले बरे. पहिला सान क्विंतिन, दुसरा गेरेरो नेग्रो, तिसरा लोरेतो, चौथ्या दिवशी ला पाझ. रोज ३०० ते ४२० किलोमीटर, सकाळी उजाडल्यावर निघायचं, तीनच्या सुमारास चहा प्यायला मोकळे. वाऱ्याचा एखादा दिवस हुकला तर हुकला.

परतीची घाई तिसरी. सुट्टी संपताना उत्तरेकडे जाणारी सॅन इसिद्रोची रांग कित्येक तासांची होते, आणि सोमवारी ऑफिस असतं. परतीसाठी एक दिवस रिकामा ठेवावाच लागेल.

तुम्ही बेरीज केली असेल. जायला चार, यायला चार, एक रिकामा. बारातले तीन दिवस पाण्यावर. माझं प्रामाणिक मत विचाराल तर एवढ्या सुट्टीत गाडीने जाऊच नये. सॅन डिएगोतून पायी पूल ओलांडून थेट तिहुआनाच्या विमानतळावर उतरता येतं, क्रॉस बॉर्डर एक्सप्रेस म्हणतात त्याला, २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाला. तिथून ला पाझला विमान, पुढे ला व्हेंताना पाऊण-एक तासावर. बोर्ड आणि शीड तिथे भाड्याने मिळतं. नऊ-दहा दिवस पाण्यावर मिळतील आणि सगळा रस्ताच वगळला जाईल. हे तिला हुकूम म्हणून सांगू नका, दिवसांचा हिशोब म्हणून सांगा. विंडसर्फिंग करणाऱ्याला पाण्यावरचे दिवस मोजता येतात. अर्थात काहींना तो रस्ताच हवा असतो, ते वाळवंट, गेरेरो नेग्रोच्या खाडीत हिवाळ्यात पिल्लं घालायला येणारे करडे देवमासे. मग सुट्टी वाढवावी.

गाडीनेच गेले तर काही गोष्टी तिने निघण्याआधी उरकाव्यात. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही. तिथल्या कायद्याला मेक्सिकन कंपनीचीच पॉलिसी लागते, आणि अपघातानंतर चूक कुणाची हे ठरेपर्यंत चालकाला ताब्यातही ठेवू शकतात. तेव्हा पॉलिसी वकिलाच्या मदतीसकट घ्यायची. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर त्या कंपनीचं पत्र हवं, मित्राची असेल तर मित्राचं. नोकरीतला आरोग्य विमा मेक्सिकोत काय देतो ते विचारून, कमी पडेल तिथे प्रवास विमा, जखमीला अमेरिकेत हलवण्याच्या खर्चासह.

एल रोसारिओ सोडलं की पुढे सुमारे ३०० किलोमीटर भरवशाचा पेट्रोल पंप नाही, तिथे टाकी अर्धी असली तरी भरायची. स्टेपनी पूर्ण मापाची, हवा तपासलेली. पाणी मुबलक. पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ 'ओव्हरटेक कर, रस्ता मोकळा आहे' असाही होतो आणि 'मी डावीकडे वळतोय' असाही. आपल्याकडे घाटात ट्रकवाला हात हलवून 'जा' म्हणतो त्यावर आपण विसंबतो. तिथे विसंबू नये, स्वतःला समोरचा रस्ता दिसला तरच पुढे जावं.

वाटेत लष्कराच्या चौक्या लागतात. कोवळी पोरं बंदुका घेऊन उभी असतात, त्याचं दडपण येतं. ती शस्त्रं आणि अमली पदार्थ शोधत असतात. खिडकी खाली, गॉगल काढलेला, सांगितलं तर उतरायचं, सामान उघडून दाखवायचं, आणि झडती होईपर्यंत शेजारी उभं राहायचं. इथे एक गोष्ट तुमच्या मुलीला सुचणार नाही, कारण ती पुण्यात वाढलीय: अमेरिकन मित्राच्या गाडीत सीटखाली जुनी पिस्तुलाची गोळी पडलेली असू शकते. मेक्सिकोत एका गोळीवरूनही तुरुंगाची वेळ येऊ शकते. मित्राला स्पष्ट विचारावं आणि गाडी रिकामी करून बघावी.

औषधांचं तुम्ही बघा, ते आईच्या हातातलं आहे. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या मेक्सिकोत बेकायदा आहेत. तुम्ही मागच्या वेळी पाठवलेल्या डब्यातली पाकिटं तिला तपासायला सांगा. उलट तिथल्या पर्यटन गावांतल्या औषध दुकानांत सुट्या मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांत फेंटानिल हे जीवघेणं अमली औषध सापडलेलं आहे. लागणारी औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट घरून न्यावीत.

समुद्राबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, 'असला कसला जिवावरचा खेळ'. हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या इबाद अलीने याच खेळात ब्राँझ मिळवलं, तेव्हा खेळ म्हणून त्याला मान द्या. धोका कुठे असतो ते मात्र जाणून घ्या. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर पाण्यात उतरायचं नाही, बाकी सगळं या खालोखाल. ला व्हेंतानाचं आकर्षण हेच, की तिथला वारा तिरका, किनाऱ्याला जवळजवळ समांतर आणि थोडा किनाऱ्याकडे वाहतो, त्यामुळे काही तुटलं तरी माणूस बहुधा वाहत किनाऱ्याला लागतो. शिडाची काठी बोर्डला जिथे जोडलेली असते तो रबराचा सांधा तुटतो, म्हणून तो रोज बघायचा आणि एक जास्तीचा जवळ ठेवायचा. तुटलाच तर बोर्ड कधीही सोडायचा नाही. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहायला लागलेली चांगली पोहणारी माणसं दमून जातात. बोर्ड तरंगतो आणि लांबूनही दिसतो. त्यावर बसून दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करायचे, मदतीची ती खूण कुठल्याही किनाऱ्यावर ओळखतात. तिघं एकदम पाण्यात जाणार असतील तर किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून जावं. आणि शेवटच्या उजेडातली 'एकच फेरी' टाळावी.

तुमचं काम आता सांगते. डिसेंबरात तिहुआनाचं घड्याळ पुण्याच्या साडेतेरा तास मागे असतं, पण गेरेरो नेग्रोपाशी राज्याची हद्द ओलांडली की फरक साडेबारा तासांचा होतो. तिथे संध्याकाळी सहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेसहा-साडेसात, चहाची वेळ. रेंज असेल तर 'थांबलो, अमुक गाव' एवढा मेसेज तेव्हा येईल. नाही आला तर त्या सकाळी काहीही करायचं नाही, हे आधीच ठरवा. त्यांची दुसरी सकाळ उजाडून नऊ वाजले, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ-साडेदहा, आणि तरी काही कळलं नाही, तर सॅन डिएगोतल्या एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा. त्याच्याकडे गाडीचा नंबर, हॉटेलांची यादी, विम्याचे नंबर, पासपोर्टच्या प्रती असतील. तो आदल्या आणि त्या दिवशीच्या हॉटेलांना विचारेल, मग मेक्सिकोच्या ९११ ला कळवायचं की नाही ते बघेल. रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी 'हिरवे देवदूत' नावाची सरकारी गस्त आहे, तिचा नंबर ०७८, तो तिच्या फोनमध्ये असावा. भारताचा दूतावास मेक्सिको सिटीत आहे, तो नंबर तुम्ही लिहून ठेवा. दिवसभर व्हॉट्सॲपवरचं 'लास्ट सीन' बघत बसू नका. दुपारी तुम्ही बघाल तेव्हा तिथे मध्यरात्र असेल आणि ती झोपलेली असेल, हे यजमानांनीही तुम्हाला आठवण करून द्यावं.

मेसेजची खात्रीच हवी असेल तर उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने मिळतं, एसओएसचं बटण असलेलं. तुम्ही आणि यजमानांनी मिळून त्याचे पैसे द्या. तुमच्या काळजीचा तिला उपयोग होईल अशी ही एक भेट आहे. फक्त ते यंत्र तिने विकत घेतलं, तर पुढच्या खेपेला पुण्याला येताना सामानात आणू नये म्हणून आत्ताच बजावा. भारतात परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, आणि ते पिशवीत सापडल्यावर परदेशी प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत.